चर्चिलची अस्वले : हडसन उपसागराकाठच्या एका व्यवसायाचा इतिहास

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, चर्चिल नदीच्या मुखाशी चर्चिल नावाचे गाव आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८७० भरली. देशाच्या उर्वरित भागाशी त्याला जोडणारा रस्ता नाही; विनिपेगहून सुमारे सतराशे किलोमीटरचे अंतर रेल्वेने दोन रात्री काढून कापावे लागते, नाहीतर विमानाने जावे लागते. असे असूनही दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोजक्या आठवड्यांत जगभरातून हजारो प्रवासी तेथे पोहोचतात, आणि त्यांतील बहुतेकांचा हेतू एकच असतो, तो म्हणजे ध्रुवीय अस्वले त्यांच्या मूळ भूमीत, मार्गदर्शकाच्या सोबतीने पाहणे. आज गावाची ओळख आणि बरीचशी मिळकत या अस्वलांवर अवलंबून असली, तरी हा व्यवसाय जेमतेम साडेचार दशकांचा आहे. त्याआधीच्या साडेतीन शतकांत युरोपातून तेथे आलेल्या माणसांनी याच प्राण्याकडे कधी अन्न म्हणून, कधी कातडे म्हणून, तर कधी निव्वळ उपद्रव म्हणून पाहिले. हा क्रम तपासला असता असे दिसते की अस्वलाची किंमत नेहमी गावाच्या त्या-त्या काळच्या पोटापाण्याच्या साधनाने ठरवली, आणि पर्यटनाचा धंदा उभा राहिला तो फरचा व्यापार, धान्याचे बंदर आणि लष्करी तळ यांनी मागे टाकलेल्या वाटांवर, इमारतींत आणि काही प्रमाणात त्यांच्या कचऱ्यावरही.

अस्वले नेमकी चर्चिलजवळच का जमतात, याचे उत्तर समुद्राच्या गोठण्यात आहे. ध्रुवीय अस्वलाचे मुख्य खाद्य सील, त्यातही विशेषतः वलयांकित सील या लहान जातीची चरबी, आणि ती मिळवायची तर त्याला पायाखाली समुद्राचा बर्फ लागतो. उघड्या पाण्यात सीलचा पाठलाग करून त्याला पकडणे अस्वलाला सहसा साधत नाही. हडसन उपसागर उन्हाळ्यात पूर्णपणे वितळतो. जुलैच्या सुमारास बर्फ तुटू लागला की त्यावरची अस्वले नाइलाजाने किनाऱ्यावर येतात, आणि पुढचे चार-साडेचार महिने बेरी, गवत, समुद्री शेवाळ, किनाऱ्याला लागलेले एखादे मेलेले जनावर अशा किरकोळ गोष्टींपलीकडे त्यांच्या पोटात काही जात नाही. या काळात त्यांची गुजराण वसंत ऋतूत सीलची पिल्ले खाऊन साठवलेल्या चरबीवर होते आणि दिवसाला सुमारे एक किलो वजन घटत जाते. गाभण माद्यांचा उपास त्याहून मोठा असतो. त्या किनाऱ्यापासून आत, पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचे शतकानुशतके साचलेले थर असलेल्या काठांमध्ये, बिळे खणून राहतात, हिवाळ्याच्या सुरुवातीला तेथेच वितात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांसह समुद्राकडे निघतात, तोवर त्यांना अन्नाशिवाय जवळजवळ आठ महिने झालेले असतात. बाकीची अस्वले मात्र शरद ऋतूत किनाऱ्याने हळूहळू उत्तरेकडे सरकतात, कारण उपसागर सर्वांत आधी गोठतो तो याच भागात. चर्चिल नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर गोठते. उपसागरातील प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्याने आणि वायव्येचे वारे वाहत असल्याने उत्तरेत तयार झालेला बर्फ पश्चिम किनाऱ्याने खाली ढकलला जातो. आणि गावाच्या पूर्वेला समुद्रात घुसलेले केप चर्चिल हे भूशिर त्याला अडवून धरते. भुकेली अस्वले नोव्हेंबरात तेथे थांबतात ती या पहिल्या बर्फासाठी, आणि प्रवासी जे पाहायला जातात ते मूलतः हे थांबणेच असते.

या किनाऱ्यावर इन्युइट, क्री आणि डेने या मूळ रहिवासी समाजांचा वावर युरोपीय जहाजे येण्याच्या फार पूर्वीपासून होता, आणि उत्तरेच्या इन्युइटांच्या जीवनात अस्वलाच्या शिकारीला अन्न, वस्त्र आणि शिकाऱ्याची प्रतिष्ठा अशा तिन्ही अंगांनी स्थान होते. युरोपीयांच्या बाजूने चर्चिल नदीच्या मुखाशी अस्वलाची जी पहिली तपशीलवार लेखी नोंद मिळते, ती डेन्मार्कच्या राजाच्या सेवेतील येन्स मुंक या दर्यावर्दीची. आशियाकडे जाणारा वायव्य सागरी मार्ग शोधण्यासाठी १६१९ मध्ये तो दोन जहाजे घेऊन निघाला आणि बर्फाने वाट अडवल्यावर त्याला याच नदीच्या मुखात हिवाळा काढावा लागला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, आदल्या दिवशी पकडलेल्या बेलुगा या पांढऱ्या देवमाशाच्या मांसावर एक मोठे पांढरे अस्वल पहाटे किनाऱ्यावर आले असता मुंकने ते मारले. मांस किंचित उकडून एक रात्र सिरक्यात ठेवण्याची सूचना देऊन त्याने ते खलाशांना दिले, आपल्या खोलीसाठी दोन-तीन तुकडे भाजून घेतले, आणि चव चांगली लागल्याचे रोजनिशीत नमूद केले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साठांहून अधिक माणसांपैकी मुंकसह फक्त तिघे जिवंत उरले, आणि त्या तिघांनी दोहोंपैकी लहान जहाज कसेबसे हाकत मायदेश गाठला. या मृत्यूंचे कारण पूर्वापार स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, असे सांगितले जाते. परंतु अस्वलाच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून स्नायूंत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, म्हणजे ट्रायकिनोसिसचा, त्यात वाटा असावा असे मत नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते निर्विवाद सिद्ध होण्यासारखे नसले तरी रोजनिशीतील त्या किंचित उकडलेल्या मांसाच्या नोंदीमुळे ते सहज बाजूला सारताही येत नाही.

मुंकनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी या नदीमुखाशी कायमची वसाहत झाली ती हडसन बे कंपनीमुळे. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळालेल्या या कंपनीने १७१७ मध्ये आपला अधिकारी जेम्स नाइट याच्या पुढाकाराने येथे ठाणे वसवले. क्री आणि डेने यांच्यातील जुने वैर मिटल्याखेरीज उत्तरेचा व्यापार खुला होणे शक्य नव्हते, आणि तो तह घडवून आणण्यात थानाडेल्थर या डेने स्त्रीचा वाटा निर्णायक होता. ठाणे उभे राहण्याच्या काही महिने आधीच, फेब्रुवारी १७१७ मध्ये, ती मरण पावली. चर्चिलच्या इतिहासात किल्ल्याचे दगड जितक्या ठळकपणे दाखवले जातात तितक्याच ठळकपणे तिचे नाव घेतले गेले पाहिजे. पुढे १७३० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स हा तारकाकृती दगडी किल्ला बांधावयास सुरुवात झाली, त्याचे काम सुमारे चार दशके चालले, आणि १७८२ मध्ये ला पेरूज हा फ्रेंच नौदल अधिकारी तीन युद्धनौका घेऊन आला तेव्हा किल्ल्याचा प्रमुख सॅम्युअल हर्न याने, लढण्याइतकी माणसे नसल्याने, तो किल्ला एकही गोळी न झाडता त्याच्या स्वाधीन केला. किल्ल्याजवळच्या स्लूप्स कोव्ह या लहानशा खाडीच्या खडकावर हर्नने १७६७ मध्ये कोरलेले आपले नाव आजही वाचता येते. कंपनीच्या हिशेबात मात्र अस्वलाला दुय्यम स्थान होते. युरोपातील टोप्यांच्या व्यवसायाला बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याची लव हवी होती, आणि सगळा व्यापार त्या कातड्याभोवती फिरत होता. पांढऱ्या अस्वलाचे कातडे आले तर घेतले जाई आणि ठाण्याजवळ दिसलेले अस्वल मारले जाई, इतकाच त्या काळचा संबंध होता.

विसाव्या शतकात गावाचे पोट फरवरून धान्याकडे वळले. प्रेअरी या कॅनडाच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशातील गहू युरोपला पाठवण्यासाठी हडसन उपसागराचा मार्ग जवळचा पडतो, या युक्तिवादावर अनेक वर्षे खल होऊन अखेर १९२९ मध्ये लोहमार्ग चर्चिलला पोहोचला आणि १९३१ मध्ये बंदर सुरू झाले. बर्फामुळे ते वर्षातून जेमतेम तीन-चार महिने चाले. या लोहमार्गाने सामान्य प्रवाशाला आर्क्टिकच्या, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशाच्या, उंबरठ्यापर्यंत नेण्याची सोय प्रथमच झाली, आणि तिचा फायदा आधी घेतला तो पक्षीनिरीक्षकांनी. जूनमध्ये टुंड्रावर, म्हणजे खालची जमीन कायम गोठलेली असल्याने जेथे मोठे वृक्ष वाढत नाहीत अशा मैदानांवर, पक्षी घरटी करतात ते पाहायला ते येत. १९८० मध्ये रॉस गल हा गुलाबी छटेचा दुर्मीळ कुरव येथे घरटे करताना आढळला तेव्हा ही परंपरा विशेष प्रकाशात आली. अस्वलांसाठी प्रवासी येऊ लागण्याच्या कितीतरी आधी, रानातले जीव केवळ पाहण्यासाठी आलेल्या पाहुण्यांची गावाला अशी सवय झालेली होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी लष्कराने गावापासून काही किलोमीटरवर धावपट्टी आणि तळ उभारला. युद्धानंतर तो कॅनडा आणि अमेरिका यांनी मिळून कडाक्याच्या थंडीत शस्त्रे, वाहने आणि माणसे यांची कसोटी पाहण्यासाठी वापरला, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष या जागतिक संशोधन-मोहिमेच्या निमित्ताने तेथे ध्रुवीय प्रकाश आणि वरचे वातावरण यांच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडण्याचे केंद्र सुरू झाले. फोर्ट चर्चिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तळावर ऐन भरात हजारो माणसे राहत असत. रणगाडे आणि साखळीच्या चाकांची वाहने यांनी या काळात टुंड्रावर ज्या वाटा पाडल्या त्या आजही टिकून आहेत, कारण त्या थंडीत एकदा उखडलेली वनस्पती पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात. सैनिकांच्या बंदुकांमुळे अस्वले त्या काळी तळापासून दूर राहत, आणि जवळ आलेली मारली जात. १९५७ मध्ये दक्षिणेकडील यॉर्क फॅक्टरी हे हडसन बे कंपनीचे जुने ठाणे बंद झाले, १९६० च्या दशकात लष्करही निघून गेले, आणि या किनाऱ्यावरच्या शिकारीचा ताण एकाएकी ओसरला. अस्वलांचा वावर वाढला. तळ आणि गाव यांच्या उघड्या कचरा डेपोंचा वास वाऱ्याबरोबर दूरवर जाऊ लागला, आणि चार महिन्यांच्या उपाशी प्राण्याला त्याहून मोठे आमिष ते काय असणार?

याच कचरा डेपोंशी आणखी एक इतिहास जोडलेला आहे, आणि चर्चिलच्या पर्यटनावरील पुष्कळ लेखन त्याला वळसा घालून जाते. १९५६ मध्ये कॅनडाच्या सरकारने, कॅरिबू या रेनडिअरवर्गीय हरणांची संख्या घटत असल्याचे कारण पुढे करून, आतल्या प्रदेशातील डक लेक येथील सायिसी डेने समाजाला विमानाने उचलून चर्चिलच्या उजाड किनाऱ्यावर आणून सोडले. पिढ्यान्‌पिढ्या हरणांच्या कळपांमागे फिरणाऱ्या या लोकांना तेथे ना पुरेसा निवारा होता, ना शिकार, ना रोजगार. त्यांतील अनेकांवर कचरा डेपोतून अन्न आणि लाकूडफाटा वेचण्याची पाळी आली, आणि थंडी, आगी, हिंसा व रोग यांमुळे पुढच्या दीड दशकात शंभरहून अधिक माणसे दगावली. हे प्रमाण त्या समाजाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भरते. १९७३ मध्ये उरलेल्यांनी आपण होऊन चर्चिल सोडले आणि टाडूल सरोवराकाठी नवी वस्ती केली. केंद्र सरकारने त्यांची औपचारिक माफी मागितली ती २०१६ मध्ये. ज्या वर्षांत बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कचरा डेपोवरची अस्वले ही एक गंमत वाटू लागली होती, त्याच वर्षांत त्याच ढिगाऱ्यांवर माणसे अन्न शोधत होती, हे नोंदवल्याशिवाय या व्यवसायाचा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

१९६८ मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात गावातील एक तरुण इन्युइट विद्यार्थी मरण पावला. तोपर्यंत गावात शिरलेले अस्वल म्हणजे गोळी घालण्याचे कारण, असाच प्रघात होता. पण या मृत्यूनंतर मॅनिटोबा सरकारने १९६९ मध्ये अस्वल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे त्याचेच रूपांतर ‘पोलर बेअर अलर्ट’ या नावाने चाललेल्या व्यवस्थेत झाले. काळही अनुकूल होता. ध्रुवीय अस्वलांची विमानांतून आणि जहाजांवरून होणारी अनिर्बंध शिकार जगभर चिंतेचा विषय झाली होती, आणि १९७३ मध्ये ऑस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी अस्वलांच्या संरक्षणाचा करार केला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत दोन्ही गोटांनी ज्या मोजक्या गोष्टींवर एकत्र सही केली त्यांपैकी ही एक होती. त्याच सुमारास चर्चिलच्या आसपास जीवशास्त्रज्ञ इयन स्टर्लिंग आणि त्यांचे सहकारी अस्वलांना भूल देऊन, कानाला बिल्ला लावून, वजन-मापे घेऊन सोडून देऊ लागले. या कामातून पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांचा गट जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या गटांपैकी एक ठरला. १९७६ मध्ये स्थापन झालेले चर्चिल नॉर्दर्न स्टडीज सेंटर हे संशोधन केंद्र ज्या जागी नावारूपाला आले ती जुन्या अग्निबाण केंद्राची होती.

नियंत्रणाची पद्धत चुकत-सुधारत घडली. सुरुवातीला पकडलेली अस्वले विमानाने शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडण्याचा प्रयोग झाला, परंतु त्यांतील काही पुन्हा परतली. मग १९८० च्या दशकाच्या आरंभी लष्कराच्या एका जुन्या इमारतीत अस्वलांसाठी कोठड्या बांधण्यात आल्या, आणि बोलीभाषेत तिला अस्वलांचा तुरुंग म्हटले जाऊ लागले. सगळ्या व्यवस्थेचे काम आजही साधारण असे चालते : गावात अस्वल दिसले की रहिवासी ठरावीक क्रमांकावर फोन करतात, अधिकारी गाडी घेऊन येतात आणि भोंगे व मोठा आवाज करणारी काडतुसे यांनी त्याला हुसकावतात, ते पुन्हा पुन्हा आले तर सीलचे मांस लावलेल्या, लोखंडी नळाच्या आकाराच्या पिंजऱ्यात त्याला पकडतात किंवा बंदुकीने भुलीचे औषध टोचतात. कोठडीत त्याला पाणी मिळते, अन्न मिळत नाही, कारण माणसांच्या वस्तीशी अन्नाचा संबंध त्याच्या डोक्यात बसू नये हाच सगळ्या खटाटोपाचा उद्देश असतो, आणि वर्षाच्या त्या दिवसांत अस्वल एरवीही उपाशीच असते. महिनाभराने, किंवा समुद्र गोठला की त्याआधीच, भूल देऊन त्याला जाळ्यात निजवतात आणि हेलिकॉप्टरखाली लटकवून गावाच्या उत्तरेला नेऊन सोडतात. २००५ मध्ये उघडा कचरा डेपो बंद झाला आणि गावाचा कचरा लष्करानेच सोडलेल्या एका बंदिस्त इमारतीत साठवला जाऊ लागला, तेव्हा या यंत्रणेवरचा भार पुष्कळ हलका झाला. गावकऱ्यांनीही स्वतःच्या काही रीती पाडल्या. घरांना आणि मोटारींना कुलूप घालायचे नाही, म्हणजे अस्वल समोर आलेल्या माणसाला जवळचे कोणतेही दार उघडून आत शिरता यावे. रात्री भोंगा वाजल्यावर पायी हिंडायचे नाही. आणि ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या सणात मुले घरोघर खाऊ मागत फिरतात तेव्हा अधिकारी, पोलीस आणि स्वयंसेवक यांनी गावाच्या कडेने गस्त घालायची. या व्यवस्थेला १९८३ मध्ये पुन्हा एका मृत्यूचे गालबोट लागले, तरी तिच्यामुळे अस्वल ही गोळी घालण्याऐवजी सांभाळण्याची गोष्ट ठरली, आणि पर्यटनाला आधी हाच पाया लागणार होता.

१९७० च्या दशकात अस्वल पाहायचे तर पाहुण्याला टॅक्सी करून कचरा डेपोवर जावे लागे. तेथे काजळी लागलेली, राखेत तोंड घालणारी अस्वले दिसत. टुंड्रावरची अस्वले पाहण्याची वाट उघडली ती एका वाहनाने. चर्चिलमधील लेन स्मिथ या यंत्रकुशल रहिवाशाने १९७९ च्या सुमारास जुन्या अवजड वाहनांचे सुटे भाग जोडून एक गाडी तयार केली. माणसाच्या छातीपर्यंत पोहोचतील अशी रुंद, कमी हवेची चाके तिला लावलेली होती. त्यांमुळे तिचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जाई आणि ती चिखल, उथळ तळी आणि बर्फ यांतून रुतल्याशिवाय पुढे सरके. बसण्याची जागा इतकी उंच ठेवलेली होती की मागच्या पायांवर उभे राहिलेल्या पूर्ण वाढीच्या नरालाही खिडकीपर्यंत पोहोचणे अवघड जावे. टुंड्रा बगी या नावाने ती प्रसिद्ध झाली. डॅन गुराविच या छायाचित्रकाराला केप चर्चिलच्या बाजूची अस्वले टिपण्यासाठी अशाच साधनाची गरज होती, आणि सुरुवातीचे प्रवासी बव्हंशी असे छायाचित्रकारच होते. १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा ‘पोलर बेअर अलर्ट’ हा माहितीपट दूरचित्रवाणीवर आला आणि चर्चिलचे नाव उत्तर अमेरिकेत घरोघरी पोहोचले. याच गुराविच यांनी १९९० च्या दशकात अस्वलांच्या संरक्षणासाठी जी संस्था सुरू केली ती आज ‘पोलर बेअर्स इंटरनॅशनल’ या नावाने काम करते.

बगीच्या आत बसलेल्या प्रवाशाचा दिवस बराचसा वाट पाहण्यात जातो. सकाळी अंधुक उजेडात गाडी निघते, लष्कराच्या जुन्या वाटांनी ताशी काही किलोमीटरच्या वेगाने हेलकावे खात किनाऱ्याशी समांतर चालते, आणि चालक व मार्गदर्शक विलो या खुरट्या झुडपांच्या रांगांकडे डोळे लावून असतात, कारण वाऱ्यापासून आडोसा घेऊन अस्वले तेथेच पडून राहतात. बर्फाच्या पार्श्वभूमीवर त्यांचा रंग पांढरा दिसत नाही. तो फिकट लोण्यासारखा पिवळसर दिसतो, आणि सरावलेली नजर त्यावरूनच त्यांना हेरते. अस्वल दिसले की गाडी अंतर राखून थांबते, इंजिन बंद होते, आणि पुढे काय घडायचे ते अस्वलावर सोडले जाते. कधी ते तासभर नुसते झोपते. कधी चार-पाचशे किलोंचे दोन नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या खांद्यांवर पंजे टाकतात आणि ढकलाढकली करतात. ही खरी लढाई नसते, वसंतात मादीसाठी होणाऱ्या संघर्षाआधीची ती ताकदीची चाचपणी असते असे अभ्यासक मानतात. कधी एखादे तरुण अस्वल गाडीपाशी येऊन चाके हुंगते आणि पंजे टेकून उभे राहते. मागच्या उघड्या सज्जाची जमीन लोखंडी जाळीची असते, आणि त्या जाळीतून खालून येणारा त्याचा श्वास उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांना लागतो.

धंदा वाढला तसे नियम आले. बगी ज्या भागात फिरतात तो चर्चिल वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रात मोडतो. हे क्षेत्र १९७८ मध्ये जाहीर झाले. तेथे किती गाड्यांनी फिरायचे यावर परवान्यांची मर्यादा असते, ठरलेल्या वाटा सोडता येत नाहीत, आणि अस्वलांना खाऊ घालणे किंवा आमिष दाखवणे हा गुन्हा आहे. १९९६ मध्ये त्याच्या पूर्वेस आणि दक्षिणेस अकरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे वापस्क राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले आणि माद्यांच्या बिळांचा मोठा प्रदेश संरक्षणाखाली आला. परवाने मोजके असल्याने व्यवसाय थोड्या कंपन्यांच्या हाती राहिला आणि दर चढे झाले. गर्दी आवाक्यात राहिली हा या मर्यादेचा लाभ, तर ही सफर बहुतांशी श्रीमंतांपुरती उरली ही तिची किंमत. यांतली मर्यादा सैल करण्यापेक्षा चढे दर सोसणे अस्वलांच्या दृष्टीने बरे, असेच म्हणावे लागेल; मात्र मूळ रहिवाशांना या मिळकतीत दीर्घकाळ मालकाचा वाटा क्वचितच मिळाला, याचे समर्थन कोणत्याही नियमाने होत नाही.

पर्यटन गावाला किती तारू शकते आणि किती नाही, हे २०१६ ते २०१८ या काळात उघड झाले. २०१६ मध्ये बंदराच्या तत्कालीन खासगी मालकाने धान्याची वाहतूक थांबवली. मे २०१७ मध्ये वसंतातील पुराने लोहमार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला आणि दीड वर्ष गाडी आली नाही. इंधन, अन्नधान्य, बांधकामाचे सामान सगळे जहाजाने किंवा विमानाने आणावे लागले आणि भाव भडकले. अस्वलांसाठी येणारे प्रवासी विमानाने येत राहिले, पण वर्षाचे उरलेले दहा महिने केवळ त्यांच्या जोरावर निघत नाहीत, हे गावाला त्या काळात पुरते उमगले. २०१८ मध्ये लोहमार्ग आणि बंदर यांची मालकी मूळ रहिवासी समाज आणि उत्तरेकडील गावे यांचा सहभाग असलेल्या गटाकडे आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेल्वे पुन्हा सुरू झाली.

अस्वलांची स्वतःची स्थिती या सगळ्याहून गंभीर आहे. स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते की उपसागराचा बर्फ पूर्वीपेक्षा लवकर तुटतो आहे आणि त्यामुळे किनाऱ्यावर येणारी अस्वले अधिक कृश असतात व माद्यांना कमी पिल्ले होतात. आज बर्फाविनाचा काळ १९८० च्या तुलनेत सुमारे तीन ते चार आठवड्यांनी लांबला आहे. १९८० च्या दशकात पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या सुमारे बाराशे धरली जात असे. २०१६ च्या हवाई पाहणीत ती ८४२ आणि २०२१ च्या पाहणीत ६१८ भरली. काही अस्वले शेजारच्या भागात गेली असण्याची शक्यता अभ्यासक नाकारत नाहीत, पण उतरणीची दिशा त्यांच्या लेखी स्पष्ट आहे. बर्फ जितका उशिरा येतो तितके दिवस अस्वले किनाऱ्यावर अधिक राहतात, म्हणून प्रवाशांना ती काही वर्षे जास्तच सहज दिसू शकतात. दर्शनाची खात्री आणि प्राण्याचे हित यांची अशी फारकत या व्यवसायाच्या इतिहासात यापूर्वी झालेली नव्हती.

नाहीशा होऊ पाहणाऱ्या गोष्टी नाहीशा होण्याआधी पाहून घेण्यासाठी केलेल्या प्रवासाला पर्यटनशास्त्रात ‘अखेरच्या संधीचे पर्यटन’ म्हणतात, आणि त्याच्या अभ्यासात चर्चिलचे उदाहरण वारंवार येते. चर्चिलच्या अस्वल-पर्यटनातून किती कार्बन वातावरणात जातो याचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या सफरींच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा बगींच्या इंजिनांचा नसून प्रवाशांना दूरदूरून तेथवर आणणाऱ्या विमानांचा आहे. अलीकडे विजेवर चालणाऱ्या बगी वापरात येऊ लागल्या आहेत; त्यांच्यामुळे टुंड्रावरचा आवाज आणि धूर कमी होईल, तेव्हा त्यांचे स्वागतच केले पाहिजे, पण मुख्य हिशेब त्यांनी फारसा बदलत नाही. नॉर्वेने स्वालबार्ड या द्वीपसमूहात २०२५ पासून अस्वलांपासून किमान तीनशे मीटर, आणि मार्च ते जून या काळात पाचशे मीटर, अंतर राखण्याचा नियम लागू केला आहे, म्हणजे तेथे जवळून पाहण्याची प्रथाच जवळपास संपुष्टात आणली आहे. चर्चिलने आजवर वेगळा मार्ग धरला आहे, आणि पन्नास वर्षांच्या नोंदी, प्रशिक्षित मार्गदर्शक व मर्यादित परवाने यांच्या बळावर त्या मार्गाचा बचाव करता येतो. चर्चिलची सफर महाराष्ट्रातून करायची तर तिच्यात आंतरखंडीय विमानप्रवास टळत नाही. म्हणून ज्यांना तेथे जायचेच आहे त्यांनी ती एकदाच, पण मुक्काम वाढवून करावी, विनिपेगपासून पुढे रेल्वेने जावे, सहल निवडताना तिच्या मालकीत आणि मार्गदर्शनात क्री, डेने व इन्युइट माणसांना किती स्थान आहे हे आधी विचारून घ्यावे, आणि गावात पोहोचल्यावर अस्वलांबरोबरच सायिसी डेने समाजाची हकिकतही तेथील लोकांकडून समजून घ्यावी.